मदत हवी आहे: फोनची रिंग वाजली की डीएसएल तुटतं (सिडको, नाशिक)

प्रश्न:
तांब्याच्या लाईनवर एडीएसएल (टेलिफोनच्याच तारेवरून येणारं नेट) आहे. पाऊस लागल्यापासून लँडलाईनची रिंग वाजली की मॉडेमचा डीएसएलचा दिवा लुकलुकतो आणि दोन मिनिटं नेट जातं. नवल म्हणजे फोन उचलून बोलत असताना नेट व्यवस्थित चालतं. मॉडेम आणि अडॅप्टर दोन्ही बदलून पाहिले. 192.168.1.1 वरचे (मॉडेमच्या पानावरचे) डाऊनस्ट्रीमचे, म्हणजे घराकडे येणाऱ्या सिग्नलचे आकडे: कोरड्या दिवशी एसएनआर मार्जिन (गोंगाटाच्या वर सिग्नलला उरलेली जास्तीची जागा) 11 डीबी, ॲटेन्यूएशन (वाटेत सिग्नल किती घटतो ते) 38. पावसात 4 आणि 45. हॉलमध्ये फोन व स्प्लिटर (फोन आणि नेटचे सिग्नल वेगळे करणारी डबी), वर बेडरूममध्ये त्याच लाईनवर पॅरलल फोन. आता काय तपासू?

प्रतिसाद 1:
आकडे दिलेत ते फार बरं केलंत. नुसता मार्जिन पडला असता तर बाहेरचा गोंगाट म्हणता आलं असतं. पण ॲटेन्यूएशन 7 डीबीनं वाढलंय, आणि एक्स्चेंजचं अंतर काही पावसात वाढत नाही. वाटेतला एखादा जोड कळंकलाय.

बोलताना नेट सुधारतं ही खूण तर पक्कीच. फोन उचलला की लाईनमधून डीसी प्रवाह वाहतो, तो जोडावरचा कळंकाचा पापुद्रा भेदतो आणि तेवढ्यापुरता जोड घट्ट लागतो. फोन ठेवला की पुन्हा मूळपदावर. रिंगच्या एसीनं त्याच जोडाचा रोध सतत बदलतो, मॉडेमला ते झेपत नाही आणि सिंक (मॉडेमचा एक्स्चेंजशी जुळलेला संपर्क) तुटतो.

आधी घरातलं वगळा. बाहेरची तार जिथे घरात येते त्या रोझेटमधून आतल्या सगळ्या तारा सोडवा. तिथेच स्प्लिटर, एक फोन आणि मीटरभर वायरनं मॉडेम लावा, मग मोबाईलवरून रिंग द्या. फोन लावायचाच, कारण फोन नसेल तर रिंगचा प्रवाह फारसा वाहणारच नाही आणि दोष लपून राहील. ही चाचणी पावसातच घ्या, मात्र विजा चमकत असताना नाही. उघड्या तारेला हात लावू नका, रिंगला 75 व्होल्टच्या आसपास एसी असतो.

प्रतिसाद 2:
पॅरलल फोनची तार स्प्लिटरच्या आधी फुटते का तेही बघा. तसं असेल तर वरच्या फोनला वेगळा मायक्रोफिल्टर (नेटचा सिग्नल फोनपासून अडवणारी छोटी डबी) हवा, किंवा ती तार स्प्लिटरच्या 'फोन' खोबणीतून न्या. पण अशा चुकीचा त्रास उन्हातही झाला असता.

प्रश्नकर्ता:
आज सरींमध्ये करून पाहिलं. रोझेटवरही 4 आणि 45, रिंग दिली की तुटलं. रिसीव्हर उचलून एक आकडा दाबला तर शांततेत बारीक खरखर येते.

प्रतिसाद 1:
म्हणजे घर सुटलं, दोष रोझेटच्या बाहेर. तक्रारीत 'नेट स्लो' लिहू नका, त्यावर मॉडेम रीसेट करायला सांगतील. 'लाईनवर खरखर, रिंग आली की सिंक तुटतो, पावसात ॲटेन्यूएशन 38 वरून 45' असं लिहा. लाईनमन आला की खांबावरची डीपी (टेलिफोनच्या तारांची जोडपेटी) आणि पागोळीखालचा जोड उघडायला लावा. तार नुसती पिळून वर काळी टेप गुंडाळली असेल तर तोच जोड. हिरवट पडलेलं टोक कापून, स्वच्छ तांबं काढून जेली भरलेला कनेक्टर दाबून घ्या. टेप पाणी अडवत नाही, उलट आत धरून ठेवते. लाईनमन निघण्याआधी रिंग देऊन बघा आणि ॲटेन्यूएशन 38 वर आलंय याची खात्री करा.