स्टेनमार्कला विश्वचषक तीनदाच का?
विश्वचषकाच्या ८६ शर्यती जिंकूनही स्वीडनचा स्कीपटू इंगेमार स्टेनमार्क याला एकूण विश्वचषक (हंगामातल्या सगळ्या प्रकारांचे गुण मिळून) तीनदाच (१९७६ ते ७८) मिळाला, कारण पुढे त्याचा फॉर्म गेला, असं म्हटलं जातं; ते मत पटत नाही. १९७८-७९ मध्ये तो १३ शर्यती जिंकला, त्यात जायंट स्लालमच्या (स्लालम म्हणजे फाटकांमधून वळणं घेत उतरायची शर्यत; जायंटमध्ये फाटकं जास्त अंतरावर) दहाच्या दहा! तरी एकूण क्रमवारीत पाचवा. गोम गुणपद्धतीत होती. विजयाला २५ गुण, पण प्रत्येक प्रकारातले सर्वोत्तम तीनच निकाल धरायचे. स्लालमचे ७५, जायंट स्लालमचे ७५, की १५० वर गाडी अडली. जायंट स्लालमचे सात विजय हिशेबातच नाहीत.

बाकीचे गुण डाउनहिल (सर्वात वेगवान उताराची शर्यत) किंवा कम्बाइंडमधूनच (डाउनहिल आणि स्लालमचा एकत्रित निकाल) यायचे, आणि डाउनहिलच्या वाटेला हा गडी जात नसे. १९८१ ला ऑस्ट्रियातल्या किट्झब्यूलला कम्बाइंडसाठी डाउनहिलमध्ये उतरला, तर त्या डाउनहिलमध्ये ३४वा आला.