मदत हवी आहे: नवे आमदार-खासदार आणि अधिकारी यांना एकाच वर्गात बसवावं का?

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसती वाचत होते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय.

मी एका प्रशिक्षण संस्थेत कोर्स आखायचं काम करते. नव्याने निवडून आलेले लोकप्रतिनिधी आणि मधल्या फळीतले अधिकारी अशी 5 दिवसांची बॅच माझ्याकडे आलीय. मागच्या वेळी आम्ही जे केलं ते मला परत करायचं नाहीये. व्याख्यानांवर व्याख्यानं, प्रत्येकाचं साठ स्लाइडचं प्रेझेंटेशन, दुसऱ्या दिवशी जेवणानंतर लोकप्रतिनिधींच्या निम्म्या खुर्च्या रिकाम्या, आणि तरी फीडबॅक फॉर्मवर सगळीकडे "उत्तम". सहा महिन्यांनी मी आपणहून काही जणांना फोन केले तर एक अधिकारी अगदी मनापासून म्हणाले, मॅडम कोर्स छान होता पण टिपणी मी अजून जुनी बघूनच लिहितो. ते ऐकून फार वाईट वाटलं, कारण त्या टिपणीवरच पुढे कुणाचा तरी अर्ज मंजूर नाहीतर नामंजूर होणार असतो.

तर दोन्ही गटांना एकत्र शिकवावं की वेगळं? आणि खरंच उपयोग झाला का हे ओळखायचं कसं? ज्यांनी असे कोर्स घेतलेत किंवा केलेत त्यांनी प्लीज सांगा.

जुनी_फाईल:
ताई, मी नोकरीत असताना असे बरेच कोर्स केले, लक्षात राहिला तो एकच. सकाळी टेबलावर वीस-पंचवीस कागद ठेवले, त्यात तक्रार, कोर्टाची नोटीस, वरिष्ठांचं स्मरणपत्र, एक निनावी पत्र सगळं होतं, आणि सांगितलं दोन तासांत ठरवा आधी काय, कुणाकडे आणि का. याला इन-बास्केट म्हणतात. मी निनावी पत्र बाजूला सारलं होतं आणि खरा धोका त्यातच होता, ते आजही आठवतं.

एकत्र बसवण्याबद्दल मात्र माझं मत नाही असंच आहे. नवा लोकप्रतिनिधी अधिकाऱ्यांसमोर "मला अंदाजपत्रक वाचता येत नाही" असं कधीच म्हणणार नाही. त्याला आधी तेवढा आडोसा द्या. हार्वर्डमध्ये 1972 पासून अमेरिकी काँग्रेसच्या नव्या सदस्यांसाठी वेगळा वर्ग भरतो तो उगाच नाही.

कलम_आणि_खंड:
वरच्यांशी अर्धाच सहमत. मी विधेयकांच्या अभ्यासात मदत करायचं काम करतो. एकत्र बसवाच, पण शेवटी, आणि व्याख्यानाला नाही तर कामाला बसवा. कुठलंही विधेयक घ्या आणि लोकप्रतिनिधींना "विहित करण्यात येईल" हे शब्द जिथे जिथे येतात तिथे पेनाने खूण करायला सांगा. फी किती, मुदत किती, अर्ज कुणाकडे हे सगळं तिथेच नियमांवर सोडलेलं असतं आणि ते नियम बनवतात अधिकारी. मग त्याच खंडाखालचे नियम अधिकाऱ्यांना लिहायला लावा आणि समोरासमोर वाचा. सभागृहाला एक म्हणायचं होतं आणि नियमात भलतंच उतरलं हे दोघांनाही एकाच वेळी दिसतं, तेव्हाची चर्चा ऐकण्यासारखी असते.

अंदाजपत्रकाचंही तसंच, भाषण नको. एकाच खात्याचा मूळ अंदाज, सुधारित अंदाज आणि प्रत्यक्ष खर्च शेजारी शेजारी ठेवा आणि पैसे कुठे पडून राहिले ते शोधायला लावा. त्यातून जो प्रश्न सुचतो तोच सभागृहात विचारायचा प्रश्न.

मोजपट्टी:
उपयोग मोजण्याबद्दल. डोनाल्ड कर्कपॅट्रिक या अमेरिकी प्राध्यापकांनी 1959 मध्ये प्रशिक्षणाचा उपयोग तपासायच्या चार पायऱ्या मांडल्या, आवडलं का, शिकले का, वागणं बदललं का, आणि कामाचा निकाल बदलला का. तुमचा फॉर्म पहिल्याच पायरीवर थांबतो. कोर्सआधी प्रत्येकाकडून खरी टिपणी किंवा सभागृहात दिलेला खरा प्रश्न मागून घ्या, सहा महिन्यांनी परत एक घ्या, नावं झाकून तिसऱ्या माणसाला वाचायला द्या. त्याला नवी कुठली जुनी कुठली ओळखता आली नाही तर काही बदललेलं नाही.

आणि 5 दिवस सलग का? मसूरीच्या आयएएस अकादमीतही नव्या अधिकाऱ्यांना मध्ये जिल्ह्यात पाठवून मग परत वर्गात आणतात. तीन दिवस आता, दोन दिवस चार महिन्यांनी, असं करता आलं तर बघा.

धागाकर्ती:
सगळ्यांचे खरंच खूप आभार, कालपासून तीनदा वाचलं. असं ठरवतेय: पहिले दोन दिवस वेगळे वर्ग, तिसऱ्या दिवशी विधेयक आणि नियमांचा एकत्र सराव, उरलेले दोन दिवस चार महिन्यांनी. टिपण्या आणि प्रश्न आधी मागवायचं पत्र आजच लिहायला घेतलंय.

पण एक गाठ सुटत नाहीये. अधिकारी नवीन पद्धतीची टिपणी घेऊन जातात आणि वरचे साहेब "आपल्याकडे असं चालत नाही" म्हणून परत पाठवतात, मग दुसऱ्यांदा कोण लिहील? साहेबांनाही एक दिवस बोलवावं असं वाटतंय पण ते आले की खालचे गप्प बसतात. हे कुणी करून बघितलंय का, आणि साहेबांना नेमकं कुठल्या दिवशी बोलवलं होतं?