सुक्रोजच्या द्रावणाला बेनेडिक्ट चाचणीत हिरवट रंग का यावा?

प्रश्न (शिक्षिका, परळ)

नमस्कार. मी अकरावीला जीवशास्त्र शिकवते. प्रात्यक्षिकात आम्ही ग्लुकोज, सुक्रोज, स्टार्च आणि साधे पाणी अशा चार बिनचिठ्ठीच्या बाटल्या देतो आणि कोणत्या बाटलीत काय आहे हे मुलांनी बेनेडिक्ट (तांब्याच्या निळ्या द्रावणाबरोबर तापवून काही शर्करा ओळखणारी) व आयोडीन (स्टार्च ओळखणारी) या दोन चाचण्यांवरून ओळखायचे असते. सोमवारी ग्लुकोजच्या नळीत विटकरी साका छान बसला, पण जी निळीच राहायला हवी ती सुक्रोजची नळी तिन्ही तुकड्यांमध्ये शेवाळी हिरवी झाली. एका मुलीने दिसले तसेच वहीत लिहिले आणि मी ते चूक ठरवले, याची आता मला रुखरुख लागली आहे. शिवाय एका गटाच्या स्टार्चला आयोडीनने निळा-काळा रंग आलाच नाही. द्रावणे शुक्रवारी करून टेबलावरच ठेवली होती.

उत्तर (निवृत्त प्राध्यापक, विलेपार्ले)

ताई, त्या मुलीचे निरीक्षण बरोबर असावे. बेनेडिक्टच्या द्रावणातील तांब्याचे क्षपण करण्याची (म्हणजे त्याला इलेक्ट्रॉन देण्याची) क्षमता ग्लुकोज, फ्रुक्टोज, माल्टोज, लॅक्टोज यांच्यात असते. सुक्रोजमध्ये ती नसते, कारण ज्या टोकांमुळे ही क्षमता येते, त्यातील ग्लुकोज व फ्रुक्टोज नेमक्या त्याच टोकांनी एकमेकांना जोडलेले असतात. पण मुंबईच्या पावसाळी दमट हवेत साखरेचे पाणी तीन दिवस उघड्यावर राहिले, तर त्यात यीस्ट व बुरशी वाढते आणि त्यांचे इन्व्हर्टेज हे विकर सुक्रोज फोडून त्याच दोन शर्करा मोकळ्या करते. अशी शर्करा थोडीशी असली तरी निळ्या द्रावणात पिवळसर साका मिसळून नळी हिरवी दिसते. ग्लुकोजच्या बाटलीतला ड्रॉपर सुक्रोजमध्ये गेला तरीही हेच होईल, म्हणून जुने आणि ताजे द्रावण वेगवेगळ्या कोऱ्या ड्रॉपरने, सोबत ऊर्ध्वपातित पाण्याची एक नळी ठेवून, एकाच वेळी तपासावे.

उत्तर (प्रयोगशाळा साहाय्यक, ठाणे)

स्टार्चचे द्रावण उकळून करतात आणि घाई असली की मुले त्यात गरम असतानाच आयोडीन टाकतात. स्टार्चमधल्या अमायलोजच्या मळसूत्री साखळीत आयोडीन अडकल्यामुळे तो निळा रंग येतो. उष्णतेने ती पकड सुटते आणि रंग दिसत नाही. नळी नळाखाली गार केली की बहुधा रंग परत येतो, आणि हे मुलांना मुद्दाम दाखवण्यासारखे आहे.

सुक्रोज सिद्ध करायचे असेल तर ते विरल हायड्रोक्लोरिक आम्लाबरोबर काही मिनिटे उकळावे, गार करावे आणि फेस थांबेपर्यंत चिमूट चिमूट खाण्याचा सोडा घालून मग बेनेडिक्ट चाचणी करावी; आम्लाने सुक्रोज फुटून त्या दोन शर्करा मोकळ्या झालेल्या असतात. बेनेडिक्ट चाचणी आम्लारी माध्यमातच होते, त्यामुळे आम्ल शिल्लक राहिले तर शर्करा असूनही नळी निळीच राहते. आमच्याकडे सर्वाधिक चुका याच पायरीवर होतात.

प्रश्नकर्तीकडून

आज तिन्ही नळ्या उकळत्या पाण्यात पाच मिनिटे ठेवल्या. ताजे सुक्रोज निळे राहिले, पाणीही निळे राहिले आणि शुक्रवारची बाटली पुन्हा हिरवी झाली. बाटली उजेडात धरल्यावर तळाशी तरंगणारे पांढरे धागे स्पष्ट दिसले. त्या मुलीला बोलावून ते दाखवले, तिची वही दुरुस्त केली आणि दोघांचेही मनापासून आभार मानते.