मदत हवी आहे: ऊसतोडीला गेलेल्या मुलीची दहावी

केज तालुक्यातल्या आमच्या वस्तीवरची मुलगी, वय १५, नववी पास. दिवाळीनंतर भावासोबत सांगलीकडे कोयत्यावर (ऊसतोडीला) गेली, शाळा सुटली ती सुटलीच. आमच्याकडचं हंगामी वसतिगृह आठवीपर्यंतच. आजीजवळ ठेवा म्हणून सांगून पाहिलं, पण मुकादमाची उचल (तोडीसाठी आगाऊ घेतलेले पैसे) अंगावर आहे आणि वयात आलेली पोर मागे ठेवायला आई तयार नाही. (तिचं तरी चूक कसं म्हणायचं?) पोरगी हुशार, गणिताचं पुस्तक कोपीवर (तोडीवरच्या झोपडीत) घेऊन गेलीय. फोन एकच, तो भावाकडे. घरच्यांची तक्रार करायची नाहीये. बाहेरून दहावीला बसायच्या १७ नंबर फॉर्मची चौकशी केली, पण परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये, कारखान्याचा पट्टा पडायच्या (हंगाम संपायच्या) सुमारास. बाहेरून दहावी देताना परीक्षा केंद्र सांगलीकडचं मागता येतं का? की मुक्त विद्यालय सोयीचं पडेल?