वजाबाकी हटवून 'उणे' आणावं का?

कोलशेतरोड_बाबा: माझं मत सरळ आहे, मराठी शाळांतून 'वजाबाकी' जावी आणि 'उणे' यावं. वजा अरबी, बाकी पण अरबी, म्हणजे आख्ख्या शब्दात आपलं काहीच नाही. बरं शब्द नव्हता म्हणावं तर तसंही नाही, संस्कृत 'ऊन' म्हणजे कमी, त्यावरून उणे. एकोणीस म्हणजे एक उणे वीस, एकोणतीस, एकोणचाळीस, थेट एकोणनव्वदपर्यंत आपण आकडे म्हणता म्हणताच ही क्रिया करतोय आणि तीही स्वतःच्या शब्दात. शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश, म्हणजे कारभारातल्या फारसी-अरबी शब्दांना संस्कृत पर्याय देणारा कोश, कशासाठी करून घेतला मग?

नौपाड्याची_लेक: एक उणे वीस म्हणजे उत्तर उणे एकोणीस येतं हो 😄 'एकाने उणे वीस' म्हणा. आणि नव्व्याण्णवला एकोणशंभर का म्हणत नाही आपण? राज्यव्यवहारकोशाने मुजुमदाराचा अमात्य केला, सुरनीसाचा सचिव केला, सगळं मान्य, पण कारकुनाच्या वहीत जमा, खर्च आणि बाकी राहिलेच ना.

वाशी_कांदाबटाटा: आमच्या मार्केटला या एकदा सकाळी. गोणी काट्यावर चढली की पहिलं बारदान म्हणजे रिकाम्या गोणीचं वजन वजा, माल ओला किंवा खराब निघाला तर कडता म्हणजे वजनातली घट वजा, मग पट्टी म्हणजे विक्रीचं बिल बनवताना हमाली वजा तोलाई वजा आणि खाली जो आकडा उरतो ते शेतकऱ्याचे पैसे. हे सगळं कोणी शाळेत शिकवलेलं नाही. तिथे 'बारदान उणे करा' म्हटलं तर तोलणारा काटा सोडून चहाला जाईल. शब्द कुठून आला ते तुम्ही बघत बसा, तो काम करतोय की नाही ते आम्ही बघतो.

कोलशेतरोड_बाबा: बाजारात चालतं म्हणून पुस्तकात पाहिजे असं थोडीच आहे. भास्कराचार्यांनी 1150 मध्ये लीलावती लिहिली त्यात बेरजेला संकलित आणि वजाबाकीला व्यवकलित म्हटलंय, तेव्हा कोणाचं अडलं?

नेरुळ_सेक्टर_भटक्या: एक मिनिट, वजा हा 'वर्ज्य'वरून आला असं आम्हाला मास्तर सांगायचे. तसं असेल तर वादच मिटला.

नौपाड्याची_लेक: नाही मिटत. वर्ज्यचा काही संबंध नाही. अरबीत 'वज़अ' म्हणजे ठेवणं, खाली ठेवणं, आणि त्यातलं 'ज़ाद' हे जे अक्षर आहे ते आपल्याकडे ज होऊनच येतं, अर्ज, रजा, मर्जी, गरज बघा. हिशेबातून काहीतरी बाजूला ठेवलं की ते वजा झालं. आता गंमत, 'टपरीवजा हॉटेल', 'बंगलीवजा घर' म्हणतो तो वजा पण हाच. ठेवणं या अर्थातून फारसीत घडण, धाटणी असा अर्थ आला. आपण नाही का 'ठेवणे'वरून 'चेहऱ्याची ठेवण' म्हणत, सेम तसंच. आणि बाबा, तुमच्या सातबाऱ्यावर 'मौजे कोलशेत' लिहिलेलं असतं ना, ते मौजे पण याच धातूचं, मूळ अर्थ ठिकाण. तेही खोडणार का?

कोलशेतरोड_बाबा: मौजे सरकारी कागदावर आहे, ते पोरांना पाठ करावं लागत नाही. मुद्दा पोरांचा आहे. 'वजा' ऐकून पोराला कमी होणं दिसतच नाही, आणि उणीव, उणेदुणे हे तो घरात ऐकतो.

ऐरोली_बाई: पोरांचं मी सांगते, वर्गात उभी असते मी. पाच वजा उणे तीन किती? आठ. आता हेच तुमच्या पद्धतीने वाचा, 'पाच उणे उणे तीन', अर्धा वर्ग हसेल आणि उरलेला अर्धा दोन म्हणून मोकळा होईल. वजा ही क्रिया आणि उणे हा संख्येचा प्रकार, दोन वेगळी कामं आहेत आणि सुदैवाने आपल्याकडे दोन वेगळे शब्द आहेत, इंग्रजी मीडियमची पोरं दोन्हीकडे मायनस मायनस करत अडकतात. एक मात्र तुमचं पटतं, दुसरीतल्या पोराला 'बाकी' म्हणजे उरलेलं हे सांगावं लागतं, कारण दुकानात 'तुमची बाकी आहे' म्हणजे देणं असतं.

आणि उण्याची एवढी काळजी असेल तर 2019 चं दुसरीचं पुस्तक आठवा, त्यात एकवीसला 'वीस एक' असंही वाचायची पद्धत आली होती. त्या हिशेबाने एकोणतीसचं 'वीस नऊ' होतं. तुमचं ते उणेवालं 'ऊन' अरबीने नाही पळवलं, त्या जोडाक्षरं सोपी करण्याच्या नादात ते जाणार होतं.

कोलशेतरोड_बाबा: त्याला माझा विरोधच होता बाई. म्हणून वजाबाकीला माफी नाही मिळत.

वाशी_कांदाबटाटा: बरं मग सांगा, बारदानाचं काय करायचं?