जनरल वॉर्डमधले शेवटचे दिवस: डॉक्टरांकडे नक्की काय मागायचं?

मीरा_क
माझ्या मोठ्या काकांना फुप्फुसाचा कॅन्सर आहे, शेवटची स्टेज, जनरल वॉर्डमधे अ‍ॅडमिट आहेत. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की आता बरं होण्यासारखं काही राहिलं नाही, पण त्याच संध्याकाळी परत रक्त काढून नेलं, रात्री झोप लागली की बीपी बघायला उठवतात, सलाईनसाठी टोचून टोचून दोन्ही हात काळेनिळे झालेत. आणि दुखतंय म्हणून सांगायला गेलं तर सिस्टर म्हणतात ऑर्डर नाहीये, डॉक्टर राउंडला आले की विचारू. रात्री दोन वाजता कुठला राउंड? कोणी वाईट वागत नाही हो, सगळे धावपळ करतायत, पण बरं करता येत नसेल तर निदान त्रास तरी कमी करा असं म्हणणं चूक आहे का? आणि मॉर्फिनने माणूस लवकर जातो हे खरंय का, काकू त्यालाच घाबरतेय.

नाइटड्यूटी
अजिबात चूक नाही. मी वॉर्डमधे नर्स आहे. आमच्याकडे सगळी घडी पेशंट बरा करून घरी पाठवायच्या हिशोबाने बसवलेली असते, त्यामुळे कोणीतरी मुद्दाम थांबवल्याशिवाय रोजचं रक्त, बीपी, एक्सरे चालूच राहतं. उद्या राउंडला डॉक्टरांना सरळ विचारा, "या तपासणीने उपचारात काही बदलणार आहे का?" नसेल तर बंद करा म्हणायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

रात्रीसाठी आधीच लिहून ठेवलेल्या एसओएस, म्हणजे गरज पडेल तेव्हा द्यायच्या औषधांच्या, ऑर्डर मागा. दुखणं आणि धाप यासाठी मॉर्फिन, घालमेल होत असेल तर मिडाझोलम, मळमळीला हॅलोपेरिडॉल, घशातल्या घरघरीला ग्लायकोपायरोलेट. हे सगळं कातडीखालच्या बारीक सुईतून देता येतं, शीर शोधत बसायला नको. ऑर्डर फाईलमधे असेल तर आम्ही रात्री दोनलाही देऊ शकतो, नसेल तर आमचे हात बांधलेले असतात आणि पेशंट कण्हत असतो, ते बघणं आम्हालाही जड जातं.

काकूंना सांगा, थोड्या डोसने सुरू करून गरजेप्रमाणे वाढवलेल्या मॉर्फिनने माणूस लवकर जात नाही. उलट धाप कमी होते, झोप लागते. शौचाला मात्र हमखास कडक होतं, म्हणून पोट साफ व्हायचं औषध सोबत हवंच, ते लिहायचं बऱ्याचदा राहून जातं.

सुहास७१
आईच्या वेळी आम्ही सलाईन बंद करायला तयारच नव्हतो, उपाशी तहानलेली जाईल असं वाटायचं. पॅलिएटिव्हच्या, म्हणजे आजार बरा करण्यापेक्षा त्रास कमी करण्याकडे बघणाऱ्या, डॉक्टरांनी बसून समजावलं की शेवटच्या दिवसांत शरीर ते पाणी वापरू शकत नाही, पाय सुजतात, छातीत स्राव वाढतो. भूक जाणं हा त्या अवस्थेचाच भाग असतो. कोरडं पडतं ते तोंड, म्हणून ओल्या बोळ्याने तोंड सारखं पुसायचं, ओठांना काहीतरी लावायचं. ते काम घरच्यांनी करावं, हाताला काहीतरी काम असतं. आणि हृदय थांबलं तर छाती दाबायची की नाही, व्हेंटिलेटर हवा की नको, हे काका बोलतायत तोवर त्यांनाच विचारा आणि फाईलमधे लिहून घ्या. ऐनवेळी कॉरिडॉरमधे हा निर्णय कुणावर येऊ नये.

अनघा_डॉ
वरच्या दोघांशी सहमत. पॅलिएटिव्ह टीम असेल तर आजच रेफरन्स मागा, "अजून ती वेळ आली नाही" हे ऐकून घेऊ नका. 2010 साली फुप्फुसाच्या कॅन्सरवरच एक अभ्यास छापून आला, नेहमीच्या उपचारांसोबत सुरुवातीपासून पॅलिएटिव्ह केअर मिळालेले लोक जास्त चांगले जगले, आणि सरासरीने जास्त दिवसही जगले. मॉन्ट्रियलच्या रॉयल व्हिक्टोरियामधे, म्हणजे मोठ्या जनरल हॉस्पिटलमधेच, असा विभाग 1975 ला सुरू झाला, त्यामुळे जनरलमधे जमत नाही हे मला पटत नाही.

पण नुसता फॉर्म आणून भागत नाही. ब्रिटनमधे लिव्हरपूल केअर पाथवे नावाची पद्धत होती, हेतू चांगला होता, पुढे काही ठिकाणी नुसत्या खुणा करायचा कागद झाला, घरच्यांना न सांगता सुरू केल्याच्या तक्रारी आल्या, 2013 च्या चौकशीनंतर ती बंद करायला लागली. कोणीतरी सीनियर डॉक्टरने खुर्ची ओढून बसून "आता शेवट जवळ आलाय" हे शब्द बोलायला हवेत, ते सगळ्यात कमी वेळा घडतं आणि त्याच्यावरच बाकी सगळं अवलंबून आहे.

मीरा_क
खूप आभार. प्रश्नांची यादी केलीये. एकच अजून, काल रात्री एकदम अस्वस्थ झाले, चादर ओढत होते, उठायला बघत होते. हे दुखण्यामुळेच का?

नाइटड्यूटी
असू शकतं, पण झोपेचं इंजेक्शन द्यायच्या आधी लघवी तुंबलीये का ते बघायला सांगा, पोट साफ झालंय का तेही. बोलता येत नसलं की माणूस असाच सांगतो. आत्ताच जाऊन सिस्टरांना ओटीपोट तपासायला सांगा, सकाळपर्यंत थांबू नका.