मदत हवी आहे: वाकनीस आडनावाचा माग

माझ्या आजोळचं आडनाव वाकनीस. मूळ फारसी ‘वाकिया-नवीस’, म्हणजे घडामोडी टिपून ठेवणारा. शिवाजी महाराजांच्या अष्टप्रधानांत हे पद होतं. १६७४ च्या राज्याभिषेकापासून त्याला मंत्री म्हणू लागले. फडणीस, चिटणीस पुष्कळ भेटतात, वाकनीस क्वचितच. आडनाव हुद्द्यावरून पडलेलं, तेव्हा सगळे वाकनीस एकाच कुळातले नसावेत असं मला वाटतं.

आजीच्या पेटीत घडीवर फाटलेला एक मोडी कागद आहे. लांब आडवी रेघ, तिच्याखाली सलग अक्षरं. मला त्यातलं ‘वाकनीस’ एवढंच लागलं.

इथे कोणी वाकनीस आहे का? मूळ गाव, कुलदैवत, आधीचं आडनाव कळवाल का? क्षेत्रोपाध्यांच्या (तीर्थक्षेत्री घराण्यांच्या वंशावळी ठेवणाऱ्या पुरोहितांच्या) वहीतली नोंद असेल तर फारच उत्तम. आजी नव्वदीची आहे, तिला हे वाचून दाखवायचंय.